टेकडीवरचे बिनतारी केंद्र

मुलांनो, तुमच्या घरातला फोन बंद पडला तर तुम्ही काय कराल? शेजाऱ्यांकडे जाल. त्यांचाही बंद असला तर कोपऱ्यावरच्या दुकानात जाल. पण साऱ्या उपनगरातले फोन एकाच वेळी बंद पडले, तर काय कराल?

हा प्रश्न मुद्दाम घडवलेला नाही. २६ जुलै २००५ या दिवशी मुंबईच्या उपनगरांवर प्रचंड पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता संपणाऱ्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच वेळात कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर पाऊस पडला होता. म्हणजे शहराच्या दक्षिण टोकाला नेहमीसारखा पाऊस होता आणि उपनगरे बुडत होती. मिठी नदीला पूर आला. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. उपनगरांच्या मोठ्या भागातील वीज गेली आणि अनेक ठिकाणी फोन लागेनासे झाले. कितीतरी मुले शाळेतच अडकून पडली. हजारो माणसे रात्रभर कमरेइतक्या पाण्यातून चालत होती. पण त्या रात्री लोकांच्या जिवाला सर्वांत जास्त घोर लावला तो एकाच गोष्टीने. आपले माणूस कोठे आहे, हे घरच्यांना कळत नव्हते.

अशा वेळी फोनच्या तारा नसताना, मोबाइलचे मनोरे बंद असताना आणि घरात वीज नसतानाही दूरवर निरोप पाठवता येईल असे एक साधन आहे. त्याला हौशी रेडिओ म्हणतात. जगभर ते ‘हॅम रेडिओ’ या नावाने ओळखले जाते. उर्दूत आपण ज्याला ‘शौक’ म्हणतो, तीच मराठीतील ‘हौस’. पगारासाठी नव्हे, नफ्यासाठी नव्हे, तर केवळ हौसेने जो बिनतारी केंद्र चालवतो, तो हौशी रेडिओचालक. त्याला थोडक्यात ‘हॅम’ असेही म्हणतात.

हौशी रेडिओ आणि आपला नेहमीचा रेडिओ यांत एक मोठा फरक आहे. नेहमीच्या रेडिओवर आपण फक्त ऐकतो. हॅम ऐकतो आणि बोलतोही. त्याच्या संचात ध्वनी ग्रहण करणारा भाग असतो, तसाच ध्वनी पाठवणारा भागही असतो. या दुसऱ्या भागाला प्रक्षेपक म्हणतात. प्रक्षेपक कोणालाही वाटेल तसा वापरता येत नाही. त्यासाठी केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाची परीक्षा द्यावी लागते आणि परवाना घ्यावा लागतो. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही ही परीक्षा देता येते. विजेची व रेडिओची प्राथमिक माहिती आणि बिनतारी संदेशवहनाचे नियम यांवर प्रश्न विचारले जातात. परवाना मिळाला की प्रत्येक हॅमला एक स्वतंत्र नाव मिळते. त्याला कॉल साइन म्हणतात. भारतातील बहुतेक हॅमच्या कॉल साइनची सुरुवात ‘व्हीयू’ या अक्षरांनी होते. माजी पंतप्रधान राजीव गांधी हे परवानाधारक हॅम होते. त्यांची कॉल साइन ‘व्हीयू २ आरजी’ अशी होती.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. कपाटात ठेवलेला संच संकटात आपोआप कामाला येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नसतो. जो हॅम घर सोडून, विजेची जोडणी सोडून, उघड्यावर केंद्र उभारायला आधीच शिकलेला असतो, त्याचाच पुराच्या वा भूकंपाच्या दिवशी उपयोग होतो. हा सराव आपल्या उपनगरांत करायचा तर त्याला सर्वांत योग्य काळ म्हणजे हिवाळा.

हिवाळाच का? जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईत पाऊस असतो. पावसाच्या आधी आणि तो परततानाही ढग गडगडतात व विजा चमकतात. उंच जागी तार बांधून बसलेल्या माणसाला विजेचा मोठा धोका असतो. एप्रिल-मे महिन्यांत ऊन इतके कडक असते की दुपारी खडकावर बसवत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र आकाश निरभ्र असते, जमीन कोरडी असते आणि सकाळ गार असते. मुंबईची थंडी काही काश्मीरची थंडी नव्हे. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला ७.४ अंश सेल्सिअस इतके कमी तापमान नोंदले गेले होते. असे दिवस क्वचितच येतात. एरवी जानेवारीतल्या पहाटे एक स्वेटर आणि कानटोपी पुरते.

दुसरे कारण रेडिओच्या आवाजाशी निगडित आहे. पावसाळ्यात वीज चमकली की घरातला रेडिओ कसा खरखरतो, हे तुम्ही ऐकले असेल. आकाशातील प्रत्येक वीज हा एक छोटा प्रक्षेपकच असतो. शेकडो किलोमीटरवरच्या विजेचीही खरखर संचात ऐकू येते. आपल्याकडे हिवाळा असतो तेव्हा भारतात व आसपासच्या देशांत वादळी ढग कमी असतात. त्यामुळे खरखर कमी होते आणि दूरचा क्षीण आवाजही ओळखू येतो. शिवाय वस्तीपासून थोडे दूर गेले की इमारतींतले दिवे, चार्जर, इन्व्हर्टर आणि लिफ्ट यांचा गोंगाटही मागे राहतो. कानांना न ऐकू येणारा हा गोंगाट संचाला मात्र सतत ऐकू येत असतो.

थंडीत उघड्यावर जाऊन बिनतारी प्रयोग करण्याची रीत रेडिओइतकीच जुनी आहे. १२ डिसेंबर १९०१ या दिवशी मार्कोनी हा इटालियन संशोधक कॅनडाच्या बाजूला असलेल्या न्यूफाउंडलंड बेटावर सिग्नल हिल नावाच्या टेकडीवर बसला होता. बाहेर हाडे गोठवणारी थंडी आणि सोसाट्याचा वारा होता. एरियल उंच नेण्यासाठी त्याने मनोरा उभारला नव्हता. त्याच्या सोबत्यांनी पतंग उडवला होता आणि त्या पतंगाला तार बांधली होती. सुमारे दीडशे मीटर उंचीवरचा तो पतंग वाऱ्यात वर-खाली होत होता. अशा तारेवर त्याने अटलांटिक महासागरापलीकडे, सुमारे ३,४०० किलोमीटरवर असलेल्या इंग्लंडच्या किनाऱ्यावरून आलेले तीन टिंब ऐकल्याची नोंद केली. मोर्सच्या सांकेतिक लिपीत तीन टिंब म्हणजे इंग्रजी ‘एस’ हे अक्षर. संक्रांतीच्या सुमारास गच्चीवर पतंग उडवणाऱ्या तुम्हां मुलांना त्या पतंगाची ओढ किती असेल, हे सांगायला नको.

मार्कोनीने टेकडीच का निवडली? याचे उत्तर समजण्यासाठी रेडिओच्या लहरी कशा जातात ते पाहू. हॅम मुख्यतः दोन प्रकारच्या लहरी वापरतात. पहिल्या प्रकारच्या लहरी टॉर्चच्या प्रकाशासारख्या जवळजवळ सरळ रेषेत जातात. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी अशा असतात. हातात मावणाऱ्या लहान संचावर याच लहरी वापरतात. मध्ये डोंगर आला की त्या अडतात. पृथ्वी गोल असल्यामुळे दूर गेल्यावर जमीनही आड येते. म्हणून जितके उंच जावे तितके दूर पोहोचता येते.

याचे एक सोपे गणित आहे. आपल्या उंचीचे मीटर घ्या, त्या संख्येचे वर्गमूळ काढा आणि त्याला चारने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. तेवढ्या अंतरापर्यंत मोकळ्या सपाट प्रदेशावर लहरी पोहोचू शकतात. हे उत्तर अंदाजाचे असते, पण उपयोगाचे असते. समजा, संच जमिनीपासून दीड मीटरवर आहे. दीडचे वर्गमूळ सुमारे १.२, म्हणून अंतर पाच किलोमीटरही भरत नाही. आता अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा विचार करा. काळ्या बेसॉल्ट खडकाचा हा सरळसोट सुळका सुमारे ६१ मीटर उंच आहे. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसापासून तयार झाला. ६१ चे वर्गमूळ सुमारे ७.८. त्याला चारने गुणले की ३१ किलोमीटर होतात. केवळ पायऱ्या चढून वर गेल्याने संचाचा पल्ला सहापटींहून अधिक वाढतो! बॅटरी तीच, संच तोच, फक्त जागा बदलली. मात्र उंच इमारती मध्ये आल्या तर हा पल्ला कमी होतो, हेही विसरू नये.

हिवाळ्यातल्या पहाटे या लहरी कधीकधी गणितापेक्षाही दूर जातात. रात्री जमीन लवकर थंड होते आणि तिच्यालगतची हवाही थंड होते. वरची हवा मात्र त्या मानाने उबदार राहते. भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. पहाटे धूर वर न जाता वस्तीवर साचून राहतो, तो याच कारणाने. या उबदार थरापाशी रेडिओच्या लहरी किंचित खाली वाकतात आणि पृथ्वीच्या गोलाईबरोबर पुढे जातात. धुराने डोळे चुरचुरणारी ती सकाळ हॅमला मात्र दूरच्या मित्राचा आवाज ऐकवून जाते.

दुसऱ्या प्रकारच्या लहरी वेगळ्या रीतीने जातात. ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी आकाशाकडे पाठवल्या की वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबर नावाच्या थरातून त्या परत पृथ्वीकडे वळतात. कॅरमचा स्ट्रायकर कडेवर आपटून परत येतो, तसेच हे. त्यामुळे मुलुंडच्या टेकडीआड बसलेल्या हॅमचा आवाज मधले डोंगर ओलांडून पुणे, नाशिक वा कोल्हापूरपर्यंत जाऊ शकतो. दिवसा या लहरी साधारणपणे काही शे किलोमीटर जातात. रात्री त्या हजारो किलोमीटरही जातात. हिवाळ्यात रात्र मोठी असते आणि अंधार लवकर पडतो, म्हणून हा दुसरा खेळ पाहायला वेळही जास्त मिळतो.

अशा लहरींसाठी एरियल कसे करतात? त्यासाठी महाग साहित्य लागत नाही. साधी तांब्याची तार, एक बांबू आणि नायलॉनची दोरी पुरते. तारेची लांबी मात्र अचूक हवी. १४३ या संख्येला मेगाहर्ट्झच्या संख्येने भागले की तारेची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ही लांबी सुमारे २० मीटर येते. तिचे दहा-दहा मीटरचे दोन सारखे भाग करतात. दोन्ही भाग बांबूच्या टोकाशी बांधून खाली दोन बाजूंना तिरपे ताणतात. दुरून पाहिले तर उघडलेल्या तंबूसारखा आकार दिसतो. मधोमध जोडलेली केबल संचाकडे येते. दोन माणसांना सराव असेल तर हे काम पंधरा-वीस मिनिटांत होते. पहिल्याच वेळी मात्र दोरी गुंतते, बांबू कलतो आणि अर्धी सकाळ निघून जाते. म्हणूनच ती पहिली वेळ पुराच्या दिवशी येऊ नये.

आता बॅटरीचा हिशेब करू. समजा, आपल्याजवळ १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची बॅटरी आहे. आपला पाच वॉटचा संच बोलताना २ अँपिअर आणि ऐकताना ०.४ अँपिअर प्रवाह घेतो, असे धरू. तासातील पंधरा मिनिटे बोललो आणि पंचेचाळीस मिनिटे ऐकले, तर बोलण्यात ०.५ आणि ऐकण्यात ०.३ असे मिळून ०.८ अँपिअर-तास खर्च होतात. शिसे व आम्ल असलेली बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, नाहीतर ती लवकर खराब होते. म्हणून आपल्याजवळ प्रत्यक्षात साडेतीन अँपिअर-तासच आहेत असे समजावे. ते चार तासांहून थोडा अधिक वेळ पुरतील. यावरून हॅम एक धडा शिकतो. जास्त ऐकावे आणि कमी बोलावे. हा धडा बॅटरी नसतानाही उपयोगी आहे.

थंडीने बॅटरीची शक्ती कमी होते. मुंबईत हा फरक जेमतेम जाणवतो. पण काश्मीर वा लडाखमध्ये तापमान शून्य अंशाच्या खाली गेले की बॅटरी लवकर हात टेकते. शून्य अंशालाच अशी बॅटरी आपली साधारण पाचवा हिस्सा शक्ती गमावते. तिथे माणूस जसा फेरनच्या आत कांगडी धरून बसतो, तसा हॅम लहान बॅटरी अंगाजवळ, कपड्यांच्या आत ठेवतो. लिथियमची बॅटरी गोठणबिंदूच्या खाली चार्ज करणे तर टाळावेच लागते. आपल्याकडे त्रास होतो तो दवाचा. पहाटे उघड्या संचावर दव पडते. ते जोडणीत शिरले की धातू गंजतो. म्हणून संच जाड कापडात गुंडाळून नेतात, प्लास्टिकच्या तुकड्यावर ठेवतात आणि बटण दाबण्याआधी कोरडा पुसून घेतात. नोंदवहीत पेनाऐवजी पेन्सिलीने लिहितात, कारण ओल्या कागदावर शाई पसरते.

नोंदवहीत काय लिहितात? दिनांक, वेळ, वारंवारता, समोरच्याची कॉल साइन आणि आवाज किती स्पष्ट आला ते. वेळ मात्र भारतीय घड्याळाप्रमाणे न लिहिता जागतिक वेळेप्रमाणे लिहिण्याची पद्धत आहे. आपले घड्याळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असते. आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजले की हॅमच्या वहीत पहाटेचे दोन वाजतात.

बोलण्याचीही एक शिस्त असते. हॅम आधी ऐकतो. तेथे दुसऱ्या कोणाचे बोलणे चालू नाही अशी खात्री करतो. मग ‘सीक्यू, सीक्यू’ असे पुकारतो. याचा अर्थ, ‘जो कोणी ऐकत असेल त्याने उत्तर द्यावे.’ त्यानंतर तो आपली कॉल साइन सांगतो. खरखरीत ‘बी’ आणि ‘डी’ ही अक्षरे सारखीच ऐकू येतात. म्हणून प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला शब्द वापरतात. ‘ए’ साठी अल्फा, ‘बी’ साठी ब्राव्हो, ‘सी’ साठी चार्ली, ‘डी’ साठी डेल्टा. बोलणे संपले की ‘सेव्हन्टी थ्री’, म्हणजे ७३ असे म्हणतात. त्याचा अर्थ ‘शुभेच्छा’. या संभाषणात व्यापाराची बोलणी करता येत नाहीत, गाणी वाजवता येत नाहीत आणि कोणाकडून पैसे घेता येत नाहीत.

सरावाच्या दिवशी हॅम खोटे पण शक्य वाटणारे निरोप पाठवून पाहतात. समजा, निरोप असा आहे : ‘आम्ही खूप अडचणीत आहोत, लवकर मदत पाठवा.’ हा निरोप ऐकून कोणाला काय करता येईल? काहीच नाही. आता दुसरा निरोप पाहा : ‘मुलुंड पश्चिम. शाळेची इमारत, दुसरा मजला. चाळीस मुले, सर्व सुरक्षित. पिण्याचे पाणी हवे. वेळ सायंकाळी सहा.’ पहिल्या निरोपात घाबरणे आहे. दुसऱ्या निरोपात कोठे, कोण, किती, काय हवे आणि केव्हा या प्रश्नांची उत्तरे आहेत. ऐकणारा हा निरोप लिहून घेतो आणि शब्दशः परत वाचून दाखवतो. ‘चाळीस’चे ‘चौदा’ झाले तर सव्वीस मुलांचे पाणी कमी पडेल, हे त्याला ठाऊक असते. ऐकीव गोष्ट पुढे ढकलायची नाही आणि आपल्या मनाचे त्यात मिसळायचे नाही, हा हॅमचा पहिला नियम आहे.

या सरावात काही धोके आहेत, तेही स्पष्ट सांगायला हवेत. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर ही चारही उपनगरे रेल्वेच्या मार्गावर आहेत. लोकल गाड्यांवरील तारेत २५,००० व्होल्टचा वीजप्रवाह असतो. त्या तारेला स्पर्श होण्याची गरजही नसते. एरियलची तार, ओला बांबू किंवा पतंगाचा दोर तिच्या जवळ गेला तरी माणूस दगावू शकतो. म्हणून विजेची कोणतीही तार दिसत असेल, तर तिच्यापासून एरियलच्या पूर्ण लांबीहून अधिक अंतर राखावे. विमानतळाच्या आसपास पतंग उडवू नये. मार्कोनीचा प्रयोग वाचून पतंगाला तार बांधण्याचा मोह तर कधीच होऊ देऊ नका. त्याच्या टेकडीवर विजेच्या तारा नव्हत्या.

जागेचाही मान राखावा लागतो. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे बिबट्याचे घर आहे. मुंबईतील सर्वांत उंच ठिकाण, ४६८ मीटर उंचीचे जांभूळमाळ, याच जंगलात आहे. हॅमला असे ठिकाण हवेहवेसे वाटणारच. पण वन विभागाच्या परवानगीवाचून तेथे जाणे योग्य नाही. गिल्बर्ट हिलचा खडक हे संरक्षित स्मारक आहे. त्यात खिळा ठोकणे म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या ठेव्याला ओरखडा काढणे होय. परवान्यात नोंदलेली जागा सोडून दुसरीकडे केंद्र चालवण्याचे जे नियम आहेत, तेही हॅमने आधी पाहून घ्यावे लागतात. झाडाला दोरी बांधली तर जाताना ती सोडून न्यावी. शहाणा हॅम परत गेला की त्या जागी तो येऊन गेल्याची खूणही राहत नाही.

असा सराव जगात इतरत्रही होतो. अमेरिका व कॅनडा या देशांत दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस हॅम मुद्दाम थंडीत, बर्फातही, उघड्यावर केंद्रे उभारतात आणि रात्रंदिवस परस्परांशी संपर्क साधतात. संकट ऋतू पाहून येत नाही, हेच त्यामागचे कारण.

आपल्या देशाने हा अनुभव घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. तेव्हा हॅमनी तेथे जाऊन संदेशवहनाला मदत केली. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी गुजरातमधील कच्छ भागात भूकंप झाला. भुज, अंजार, भचाऊ, रापर ही गावे उद्ध्वस्त झाली. फोन बंद पडले. घरे पडल्यामुळे आणि उरलेल्या घरांत जाण्याची भीती वाटत असल्यामुळे लोक कच्छच्या थंडीत उघड्यावर झोपत होते. गुजरातमधून आणि इतर राज्यांतून हॅम तेथे पोहोचले. त्यांनी मोकळ्या जागी एरियल बांधले, बॅटरी व जनरेटरवर संच चालवले. कोठे डॉक्टर हवेत, कोठे तंबू हवेत, कोणत्या घरातले कोण सुखरूप आहे, असे निरोप ते पाठवत राहिले. हिवाळ्यात उघड्यावर केंद्र उभारण्याचा अर्थ काय, हे त्या दिवसांनी दाखवून दिले.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हाही असेच घडले. भारती प्रसाद या हॅम त्या वेळी हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या मोहिमेसाठी अंदमानातील पोर्ट ब्लेअर येथे होत्या. जगभरच्या हॅमशी हौसेने बोलण्यासाठी त्यांनी तेथे केंद्र उभारले होते. भूकंप झाला, समुद्र उसळला आणि फोनची सेवा कोलमडली. त्याच हौसेच्या केंद्रावरून मग अडकलेल्या माणसांची खबर मुख्य भूमीवर जाऊ लागली. आदल्या दिवशीचा छंद दुसऱ्या दिवशी अनेक कुटुंबांचा आधार झाला.

मुलांनो, परवाना मिळेपर्यंत तुम्हांला बोलता येणार नाही. पण ऐकण्याचा सराव आजच सुरू करता येईल. घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर हिवाळ्याच्या एखाद्या दिवशी दुपारी त्याचा मीडियम वेव्हचा पट्टा सावकाश फिरवा. कोणती केंद्रे ऐकू येतात ते वहीत लिहा. सूर्य मावळल्यावर तासाभराने पुन्हा तसेच करा. दुपारी जेथे नुसती खरखर होती, तेथे तुम्हांला दूरच्या गावांचे आणि कधी दुसऱ्या भाषांचे आवाज ऐकू येतील. आयनांबर म्हणजे काय, हे त्या वहीतील दोन रकाने तुम्हांला पुस्तकापेक्षा चांगले समजावून देतील. वर्गात एक खेळही खेळता येईल. एकाने दुसऱ्याच्या कानात पाच गोष्टींचा निरोप सांगावा. त्याने तो लिहून घेऊन परत वाचून दाखवावा आणि मगच पुढच्याला सांगावा. शेवटच्या मुलापर्यंत निरोप जसाच्या तसा पोहोचला, तर तुमचा वर्ग जिंकला.

२६ जुलैच्या त्या रात्री उपनगरांतल्या घराघरांत आईवडील ज्या निरोपाची वाट पाहत होते, तो फार मोठा नव्हता. ‘तुमचा मुलगा शाळेत आहे, सुखरूप आहे,’ एवढाच होता. असा निरोप पोहोचवायला पाच वॉटचा संच, वीस मीटर तार आणि सराव असलेली दोन माणसे पुरतात. संच आणि तार बाजारात मिळतात. सराव मात्र डिसेंबरच्या गार सकाळी लवकर उठून स्वतःच करावा लागतो.